नवरदेवाची टॉवेल-टोपी

आमच्या इथल्या मराठी मंडळाला दिवाळीचा अंक काढायचा आहे. अंकाचा संपादक दिवसभर कॉम्प्युटरपुढे असतो आणि त्याच्या बोटाला शाई कधी लागलेली नाही. त्याचा मला फोन आला. "आजोबा, एखाद्या प्रेरणादायी व्यक्तीबद्दल लिहा ना. थोडंसंच. शुद्धलेखन आम्ही बघून घेऊ." म्हणजे मी अशुद्ध लिहिणार हे त्यानं आधीच धरलेलं. धरू दे. मी चौथी पास आहे आणि पहिल्याच दमात पास आहे, एवढं सांगून ठेवतो.

त्याला वाटलं असणार, म्हातारा कुणातरी हृदयाच्या डॉक्टरवर लिहील. असे डॉक्टर इथं आयर्लंडात भरपूर आहेत आणि स्वतःबद्दल बोलायला ते स्वतः समर्थ आहेत. मी लिहिणार आहे डॉक्टर कुमुद ढोमणे या बाईंवर. छापायचं तर छापा. नसेल तर कागद परत करा, मागची बाजू कोरी आहे.

बाईंना मी पहिल्यांदा बघितलं ते गणपतीत. शॅनन गावातला एक हॉल मंडळानं भाड्यानं घेतला होता. आरती झाली, मग ओळखी. ही इथली पद्धत आहे. देवासमोर उभं राहून प्रत्येकानं आपली कंपनी सांगायची, देवालाही कळलं पाहिजे ना कोण कुठल्या हुद्द्यावर आहे ते. एक उठला, सॉफ्टवेअर. दुसरा उठला, सॉफ्टवेअर. तिसरी क्लाउडमध्ये होती. माझ्या मुलानं, प्रशांतनं, आपला हुद्दा सांगितला, तो इतका लांब होता की मला अजून पाठ झालेला नाही. मग मागच्या रांगेतून जांभळा रेनकोट घातलेली, पंचावन्नच्या आसपासची एक बुटकी बाई उठली. हॉलच्या आतही रेनकोट.

"मी कुमुद ढोमणे. नागपूरची. मी डॉल्फिनचं वीर्य तपासते."

आरतीला नव्हती तेवढी शांतता पसरली. खिचडी वाढणाऱ्या बाईंचा डाव हवेतच राहिला. माईकवाला पोरगा हुशार. तो म्हणाला, "अरे वा! म्हणजे मरीन बायोलॉजी!"

"नाही ना जी. वीर्य."

"हो हो, समुद्रशास्त्र..."

"अहो, नराचं वीर्य. जिवंत किती, मेलेलं किती, सरळ पोहतं की गोल गोल फिरतं."

इतक्या शिकलेल्या माणसांना एकदम आपापल्या चपला बघायची गरज पडली. मी उठलो आणि विचारलं, "बाई, दाट असतंय का पातळ?" प्रशांतनं कपाळावर हात मारला. बाईंनी मात्र मान वळवून मला नीट बघितलं, हॉल ओलांडून आल्या आणि शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"तुम्ही कोणत्या खात्यात होता, काकाजी?"

"वळूकडं. एकतीस वर्षं."

"मग बोला," बाई म्हणाल्या आणि प्रसादाची वाटी माझ्या हातात दिली.

माझं इथं एवढंच सांगतो की सांगलीकडच्या एका वळूकेंद्रावर मी वळू सांभाळायचो. कृत्रिम रेतनासाठी त्यांचं रेत काढणं, नळी गरम ठेवणं, वळूला धुणं, चारणं, शिव्या देणं, ही माझी कामं. साहेब लोक कागदावर सही करायचे आणि लाथा मी खायचो. बाकी माझं चरित्र कुणी मागितलेलं नाही.

बाईंचं घर आमच्या समोरच निघालं. त्या शॅननच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत होत्या. आयर्लंडात कुठं डॉल्फिन पाळलेले नाहीत. पण तिकडं दक्षिणेत, उन्हाच्या देशांमध्ये, मोठमोठे तलाव बांधून डॉल्फिन ठेवतात. त्यांच्या नरांचे नमुने थंड डब्यांत घालून विमानानं इथं यायचे. बाई सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायच्या, हा नर कामाचा, हा बिनकामाचा, ह्याचा हंगाम अजून यायचाय. अशा तलावात ठेवण्याला इंग्रजीत 'मॅनेज्ड केअर' म्हणतात असं प्रशांतनं मला समजावून दिलं. म्हणजे वेळेवर खाणं, वेळेवर तपासणी, आणि बाहेर जायचं नाही. मी म्हटलं, कळलं. मलाही तुम्ही त्यातच ठेवलंय.

बाई दर शनिवारी चार वाजता चहाला यायच्या. येताना खिशात स्वतःचा थर्मामीटर. चहात बुडवून बघायच्या. फार गरम असला तर कपाकडे असं बघत बसायच्या, जसं काही कपानंच काहीतरी गुन्हा केलाय. त्यांच्या मागच्या दारी थर्माकोलच्या खोक्यांची रांग होती. नमुने ज्यात यायचे ते खोके धुऊन त्यांत त्या मेथी लावायच्या. खोक्यांवर मोठ्या अक्षरांत 'जैविक नमुना, सांभाळून' असं छापलेलं. मंडळाच्या बायकांना त्यांनी एकदा मेथीच्या जुड्या वाटल्या. सगळ्यांनी "किती ताजी!" म्हणून घेतल्या आणि सगळ्यांच्या जुड्या कचऱ्याच्या डब्यात गेल्या. आम्ही खाल्ली. मेथी मेथीच होती.

चहावर आमची भांडणं व्हायची. विषय एकच, वळू मोठा का डॉल्फिन मोठा.

"काकाजी, डॉल्फिनचे वृषण पोटाच्या आत असतात."

ज्याला ह्या वृषण म्हणतात त्याला आम्ही सरळ आंड म्हणतो. मी म्हटलं, "खोटं. आत राहिले तर गरमीनं मरतील. म्हणून तर देवानं बाहेर टांगलेत."

"बाहेर टांगले तर पोहायचं कसं त्यानं? आतच असतात. आणि शेपटीतून आणि पाठीवरच्या पंखातून गार झालेलं रक्त आधी तिथं जातं, त्यांना थंड ठेवतं, मग बाकीच्या अंगाला."

मी दोन घोट चहा प्यालो. एवढी सोय आमच्या केंद्रातल्या साहेबाच्या खोलीलाही नव्हती. "आणि अवयव?"

"तुमच्या वळूसारखाच. आत इंग्रजी एस अक्षरासारखा मोडून ठेवलेला."

इथं माझी कॉलर ताठ झाली. म्हटलं, शेवटी वळूचीच नक्कल. मग मी नमुना कसा घेतात ते विचारलं. त्या म्हणाल्या, शिकवलेला असतो. माणूस काठावर बसून खूण करतो, नर आपणहून येतो, पाण्यावर उताणा होतो, नमुना देतो. मग त्याला मासा मिळतो.

"आपणहून?"

"आपणहून. नको असेल तर निघून जातो. त्याची मर्जी."

आमच्या वळूला दोन माणसं धरायला, नाकात वेसण, पुढं लाकडी गाय, मागून माझ्या शिव्या. मर्जी हा शब्द त्या केंद्रावर साहेबांशिवाय कुणाला लागू नव्हता.

आता एक गंमत सांगतो. आम्ही दोघं बोलताना त्याला 'रेत' म्हणायचो, कारण आमच्या खात्यातला तो शब्द. माझी सून नेहा इंदूरची, लहानपण हिंदीत गेलेलं. तिच्या कानाला रेत म्हणजे वाळू. आठ महिने ती समजून होती की कुमुदबाई वाळू तपासतात. गणपतीत ती मागं स्वयंपाकघरात होती, तिनं ऐकलंच नव्हतं. माझी नात ईरा शाळेत गेली आणि वर्गातल्या बाईंना सांगून आली, "द लेडी अक्रॉस द रोड, शी काउंट्स सँड." शाळेनं रीतसर पत्र पाठवलं. ढोमणे मॅडमनी आमच्या मुलांना वाळूबद्दल चार शब्द सांगावेत.

पत्र वाचून मी हसून हसून खुर्चीतून खाली आलो. नेहाला खरं कळल्यावर ती लाल झाली आणि शाळेला नकार कळवायला फोन उचलायला लागली. बाई म्हणाल्या, "काऊन? जाते ना मी."

आणि गेल्या. तीन वेगवेगळ्या किनाऱ्यांवरची वाळू गोळा करून, सूक्ष्मदर्शक काखेत मारून. पाऊण तास बोलल्या. कण कुठून येतो, शिंपल्याचा कुठला, दगडाचा कुठला. पोरं रांगेनं डोळा लावून बघत होती. शेवटी एका पोरीनं विचारलं, तुम्ही रोज हेच मोजता का? बाई म्हणाल्या, "मी रोज फार बारीक गोष्टी मोजते. आणि त्यांत वाळूचा कण सापडला तर मला फार राग येतो." घरी येऊन मला म्हणाल्या, "काकाजी, एक अक्षर खोटं बोलले नाही."

बाईंचा हाच रोग होता. अर्ध्या जगाचं पोट ज्या थोड्याशा खोट्यावर चालतं तेवढंही त्यांना पचायचं नाही. त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं: "नमुना खोटं बोलत नाही, काकाजी. घेणारा बोलतो."

आता खऱ्या गोष्टीकडे येतो.

त्यांच्याकडे जितक्या नरांचे नमुने यायचे त्यांत एक होता पेद्रो. त्याचे नमुने त्या नऊ वर्षं बघत होत्या. त्याला त्यांनी नाव ठेवलं होतं 'नवरदेव'. म्हणजे, "नवरदेवाचा डबा आलाय", "नवरदेव यंदा लवकर हंगामात आले", असं. प्रत्यक्षात पेद्रोला त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. फोटोही मागवला नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, "माझा त्याच्याशी आतला संबंध आहे."

त्या वर्षी पेद्रोचे लागोपाठ तीन नमुने आले आणि तिन्ही मेलेले. तलाववाल्यांचं पत्र आलं की पेद्रो आता निकामी झालाय, तसं लिहून सही करा. सही मिळाली की त्याला दुसऱ्या ठिकाणी हलवणार होते. तिथं एक छोटा तलाव रिकामा होता. आताच्या तलावात त्याच्यासोबत दोन माद्या आणि त्याच्याच वयाचा एक दोस्त नर होता, लहानपणापासूनचे. तिथं तो एकटाच राहणार. त्याच्या जागी तरुण नर आणायचा होता.

बाईंच्या प्रयोगशाळेचा मॅनेजर डेक्लन नावाचा आयरिश पोरगा. स्वभावानं वाईट नव्हता. इथली माणसं वाईट नसतातच, ती फक्त सगळ्याला 'ग्रँड' म्हणतात. पाऊस ग्रँड, चहा ग्रँड, घर जळालं तरी ग्रँड. एका शनिवारी तो कागद घेऊन बाईंना शोधत थेट आमच्या घरी आला. आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "कुमुद, युअर मॅन इज फिनिश्ड. साइन इट, इट्ल बी ग्रँड."

मी बाईंना विचारलं, "हा पेद्रो तुमचा माणूस कधी झाला?"

"इथं असंच म्हणतात, काकाजी. 'युअर मॅन' म्हणजे नुसतं 'तो'." मग डेक्लनकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, सही करणार नाही. नमुन्यातल्या जिवांच्या शेपट्या वळलेल्या आहेत. म्हातारपणानं नर थकतो तेव्हा संख्या कमी होते. सगळ्याच्या सगळ्या शेपट्या अशा वळत नाहीत.

डेक्लन म्हणाला, तीन नमुने आहेत. तलाववाले सांगतात की घेण्याची पद्धत तीच आहे. आणि हंगाम संपत आलाय, त्यांना महिनाअखेरपर्यंत उत्तर हवंय. मग जरा हळू आवाजात म्हणाला, तुझा करार पण महिनाअखेरीलाच संपतोय, कुमुद. हे बोलून त्यानं आमच्या प्रेसमधून, म्हणजे मराठीत कपाटातून, स्वतःच कप काढला आणि चहा ओतून घेतला. वाईट नव्हता पोरगा.

तो गेल्यावर प्रशांतनं बाईंना सल्ला दिला. माझ्या मुलाचा सल्ला मोफत असतो आणि त्याची किंमतही तेवढीच. "मॅडम, प्रॅक्टिकल व्हा ना. एका डॉल्फिनसाठी..."

"एका नाही. ह्याच्यासाठी," बाई म्हणाल्या आणि टॅबलेटवर सूक्ष्मदर्शकातला फोटो उघडून माझ्यापुढं ठेवला. "काकाजी, बघा बरं. तुमचा डोळा काय म्हणतो?"

मला सूक्ष्मदर्शकातलं कळत नाही असं नाही. केंद्रावर साहेब दौऱ्यावर असले की डोळा लावायचा मीच. फोटोत सगळ्या शेपट्या विंचवाच्या नांगीसारख्या वर वळलेल्या. एकही सरळ नाही.

हे मी आधी बघितलं होतं.

केंद्रावर सरदार नावाचा एक खिलार वळू होता. मी नवा लागलो होतो. नमुना घेण्याआधी त्याचं पोट धुवायचं आणि कोरडं करायचं, असा नियम. मी धुवायचो. पुसायचो नाही. पोटावरचं पाणी थेंबाथेंबानं नळीत पडायचं. गोडं पाणी रेतात पडलं की त्यातला जीव फुगतो, शेपटी वळते आणि मरतो, हे मला सुरुवातीला माहीत नव्हतं. त्या महिन्यात सरदारचे सगळे नमुने असेच वळलेले निघाले. साहेबानं लिहिलं, 'वळू निकामी.' मला तोपर्यंत कळलं होतं. पण मी बोललो नाही. नोकरी नवी होती. सरदारला बाजारात नेलं, आणि बाजारात निकामी वळूचं काय होतं ते सांगायला नको. त्याला गाडीत चढवताना वेसण माझ्याच हातात होती.

ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी, मुलगा समोर बसलेला असताना, मी बाईंना सांगितली. का सांगितली ते विचारू नका.

मला वाटलं, बाई काहीतरी बोलतील. शिकलेली माणसं अशा वेळी खांद्यावर हात ठेवतात आणि "त्यावेळी परिस्थितीच तशी होती" असं म्हणतात. बाईंनी चहात थर्मामीटर बुडवला, बघितला, बाहेर काढून पुसला.

"पुसायला कापड होतं तिथं?"

"होतं. खुंटीवर."

"किती लांब?"

"चार पावलं."

"हं. चार पावलं." एवढंच म्हणाल्या. त्या बाईनं मला माफही केलं नाही आणि दोषही दिला नाही. नोंद करून घेतली. आयुष्यात इतका मान मला कुणी दिलेला नाही.

मग तिथंच, आमच्या टेबलावर फोन ठेवून, आवाज मोठा करून, त्यांनी तलावावर फोन लावला. मार्ता म्हणून तिथली एक मुलगी पेद्रोकडून नमुना घ्यायची. बोलणं इंग्रजीत होतं, पण दोघींची इंग्रजी माझ्यासारख्यालाही कळेल अशीच होती. बाईंनी "पुसतेस का?" असं विचारलंच नाही. असं विचारलं तर कुणीही "हो" म्हणतं. त्यांनी विचारलं, "मार्ता, पुसायला कापड कोणतं वापरतेस?"

मग मार्ता म्हणाली, "कापड? कापड नाही. आम्ही नळाच्या पाण्यानं धुतो, स्वच्छ."

"कधीपासून?"

"तुम्ही लिहिलं होतं ना, डॉक्टर. की नमुन्यात समुद्राचं मीठ येतंय, काळजी घ्या. तेव्हापासून पोट गोड्या पाण्यानं धुतो."

"आणि पुसत नाही?"

"पुसा असं तुम्ही लिहिलं नव्हतं."

बाईंनी फोन बंद केला. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा बघितला, एकदम बिनरंगाचा. रेनकोटाचाच काय तो जांभळा रंग होता.

"काकाजी," त्या म्हणाल्या, "चार पावलं माझी होती."

प्रशांतनं लगेच वाट दाखवली. "मॅडम, हे तर सोपं झालं. लिहा, 'प्रोसेस गॅप'. तुमचं नाव कशाला?" माझ्या मुलाकडे प्रत्येक चुकीसाठी एक इंग्रजी शब्द आहे, आणि त्या शब्दात माणूस कुठंच नसतो. त्या शब्दांवरच त्याची बढती झालीये असं मला वाटतं.

बाईंनी सोमवारी अहवाल दिला. पेद्रो निकामी नाही. नमुने गोड्या पाण्यानं बिघडले. कारण, डॉक्टर कुमुद ढोमणे यांची अपुरी लेखी सूचना. पोट पूर्ण कोरडं करून, हंगाम संपायच्या आत चौथा नमुना घ्यावा. खाली सही. डेक्लननं म्हणे दोनदा विनवलं की ती नावाची ओळ तेवढी काढ. बाई म्हणाल्या, "मग मार्ताला कळणार कसं की चूक तिची नव्हती?" हे वाक्य मी प्रशांतला मुद्दाम तीन वेळा ऐकवलं.

चौथा नमुना यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत बाई चहाला आल्या नाहीत. समोरच्या मेथीला पाणी कोण घालणार म्हणून मी घालत होतो. एका दुपारी मी हातात झारी घेऊन उभा होतो तेव्हा फोन वाजला.

"काकाजी, सरळ! सरळ पोहून राहिले सगळे! जत्रा भरली आहे जी, जत्रा!" आणि मग नाक ओढल्याचा आवाज. मी झारी तशीच उलटी धरलेली. माझी चप्पल भिजली.

पेद्रो राहिला. दोन माद्या, एक दोस्त, तोच तलाव. दावं तेच, पण गोठा तरी ओळखीचा.

बाईंचा करार मात्र संपला. प्रयोगशाळेनं काही भांडण केलं नाही. फक्त म्हणाले की अहवालात चूक कबूल केलेली असल्यानं पुढं करार वाढवणं अवघड आहे. कबूल केली नसती तर अवघड नव्हतं, हे त्यांनी सांगितलं नाही, पण हे कळायला चौथी पुरते. डेक्लननं निरोपाला केक आणला. केकवर डॉल्फिन काढला होता. ग्रँड होता म्हणतात.

मंडळानंही बाईंचा निरोप समारंभ केला. त्यात त्यांचा परिचय 'समुद्रजीवनाच्या अभ्यासक' असा करून दिला. बाईंनी माईक हातात घेतला आणि म्हणाल्या, "वीर्य." आणि खाली बसल्या. ह्या वेळी चपलांकडे बघणारे जरा कमी होते.

बाई नागपूरला भावाकडे परत निघाल्या होत्या. पण वाटेत चार दिवस उन्हाच्या देशात थांबणार होत्या. मार्तानं बोलावलं होतं. नऊ वर्षांनी नवरदेवाचं तोंड बघायचं होतं.

त्यांना सोडायला आम्ही सकाळी शॅननच्या विमानतळावर गेलो. प्रशांत गाडी लावत होता. मी पिशवीतून माझी वस्तू काढली. नवा कोरा सोलापुरी टॉवेल आणि एक पांढरी टोपी, कडक इस्त्रीची. लग्नात नवरदेवाकडच्यांना करायची ती टॉवेल-टोपी.

"ही कुणाला?" बाईंनी विचारलं.

"नवरदेवाला. नऊ वर्षं झाली, मानपान राहिलाच की. टॉवेल त्याच्या पोटाला. ह्यानंच पुसायचं म्हणावं, दुसऱ्या कशानं नाही. चांगलं पाणी पितो हा."

बाईंनी टॉवेल उलगडून बघितला, बोटांत चुरगाळून बघितला, मग छातीशी धरला. "आणि टोपी?"

"ती त्याच्या डोक्याला बसायची नाही."

"मग?"

"मग तुम्ही बघा."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "काकाजी, त्या सरदारचा रंग कोणता होता?"

एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. कोण विचारणार? "पांढरा," मी म्हटलं. "शिंगं मागं गेलेली, टोकाला जुळत आलेली." त्यांनी मान हलवली, नोंद केली, आणि निघाल्या.

हे विमानतळ लहान आहे. तपासणीची रांग दारातून दिसते. त्यांनी पेटी पट्ट्यावर ठेवली, रेनकोट काढून ठेवला. त्यांना रेनकोटाशिवाय मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. अगदी लहानखुरी बाई. तिथल्या अधिकाऱ्यानं पिशवीतून टॉवेल बाहेर काढून काहीतरी विचारलं. बाईंनी इतक्या मोठ्यानं उत्तर दिलं की दारापर्यंत ऐकू आलं: "फॉर माय मॅन!"

त्या अधिकाऱ्यानं टॉवेल घडी घालून परत दिला. टोपी मात्र त्यांच्या हातातच होती. ती ट्रेमध्ये ठेवायची का कुठं, ते त्यांना समजेना. शेवटी त्यांनी ती डोक्यावर ठेवली, नीट सरळ केली आणि कमानीखालून पलीकडं गेल्या.

आयुष्यभर त्या बाईनं कुणाला टोपी घातली नव्हती. घातली ती ही एकच, आणि तीसुद्धा स्वतःच्या डोक्यावर.